अंथरुणापुरती जागा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
४ मे १९९७

चि. प्रसेनजीत यास आईचा सप्रेम जयभीम.

पोचल्याचं पत्र घरी न टाकता माझ्या बालवाडीच्या पत्त्यावर टाकलंस, तेव्हाच काय ते समजलं. औरंगाबादेत खोली मिळाली, टेलिफोनच्या ऑफिसात रुजू झालास, बरं झालं. खाणावळीत भाकरी देतात का? देत नसतील तर आठवड्यातनं एकदा तरी कुठं मिळते बघ. तुझं पोट चपातीवर राहत नाही.

इकडचं तू काहीच विचारलेलं नाहीस. तरी सांगते.

तू सकाळच्या गाडीनं गेलास आणि बाबा मागच्या खोलीत जाऊन उभे राहिले. ते कागलला लग्नाला गेलेले असताना तू भंगारवाल्याचा टेम्पो आणून ती खोली खाली केलीस. आदल्या दिवशी भांडणाच्या नादात त्यांनी ती नीट बघितलीच नव्हती. आता भिंतीवरनं हात फिरवत होते. मी चहा नेला तर म्हणाले, "ह्या भिताडाला ओल आलीया. कवा आली?" एवढंच. दुसऱ्या दिवशी फौंड्रीत गेले नाहीत. भंगार बाजारात हिंडून आपला माल कुठं गेला ते विचारत होते. संध्याकाळी पंख्याची एक जाळी तेवढी घेऊन आले. ती आपली की दुसऱ्याची, मला ओळखू आली नाही.

तू त्यांना जे बोललास ते मी तुझ्याच शब्दांत लिहिते. बोललेलं वाऱ्यावर जातं, कागदावर कसं दिसतं बघ. "आज्जाला गावानं टाकलेलं उचलाय लावलं. बाबासाहेबांनी आपल्याला त्यातनं बाहेर काढलं. आणि तुम्ही कामावरनं येताना हौसेनं लोकांचं टाकलेलं उचलून घरात आणता." हे बापाला बोललास. मास्तरांनी दाखल्यावर प्रसेनजीतच्या जागी प्रसाद लिहिलं म्हणून पाळी बुडवून शाळेत भांडायला गेलेल्या माणसाला.

तू खोटं बोललास असं नाही. कॉलेजात गेल्यापासून तू एकही मित्र घरी आणला नाहीस, ते काय मला कळलं नव्हतं? पण साठवण कुणाच्या घरात नसते रे? मी दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून गादीखाली ठेवते. शेजारच्या शालूबाईच्या माळ्यावर तिच्या सासूच्या सासूची पिंपं आहेत. बाबा फिटर माणूस आहेत. मोडकं काही दिसलं की त्यांना ते दुरुस्त झालेलंच दिसतं. आपल्याला मोडका रेडिओ दिसतो, त्यांना वाजणारा दिसतो. इतकाच काय तो फरक.

आता खोलीत बोललं की आवाज घुमतो. मला बरं वाटायला पाहिजे, पण वाटत नाही.

राग आहे तोवर त्यांना लिहू नकोस. राग गेला की एक ओळ तरी लिही.

तुझी
आई


कोल्हापूर
१० ऑक्टोबर १९९९

चि. प्रसेनजीत व चि. सौ. संघप्रिया यांस अनेक आशीर्वाद.

दोघांनी मिळून लिहिलेलं पत्र पोचलं. सूनबाईचं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आहे. लग्नात बाबा तुझ्याशी बोलले नाहीत याचं तू लिहिलंस. पण वंदना चालू होती तेव्हा त्यांच्याकडं बघितलं होतंस का? मी बघितलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस येऊ का म्हणून विचारलंस. विचारायचं काय त्यात, तुझं घर आहे. पण आत्ता येऊ नका. घराला रंग द्यायचं चाललंय. सगळं सामान मधे येतं, नव्या सुनेला बसवायचं कुठं? उन्हाळ्यात या.

फौंड्री बंद पडल्याचं तुला कुणाकडनं तरी कळलं असेल. बाबा आता घरीच असतात. घरी म्हणजे सकाळी सायकल काढतात ती उद्यमनगर, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी करत दुपारी येतात. मागं कॅरेजला काही ना काही असतंच. मिक्सरचं भांडं, कुलरचा पत्रा, सायकलींच्या ट्यूबा. रद्दीसुद्धा आणतात, वाचायला म्हणून. मागची खोली पुन्हा भरलीय, तू बघितली होतीस त्यापेक्षा थोडी जास्तच. तिला आता कुलूप असतं आणि किल्ली त्यांच्या करदोट्याला. बाहेरनं आले की आधी विचारतात, "कोण आलतं?" शालूबाई आलती म्हटलं तर, "मागं गेलती काय?"

पूर्वी आणलेल्यातलं निम्मं तरी दुरुस्त व्हायचं. पेठेतल्या निम्म्या इस्त्र्या त्यांच्या हातच्या आहेत. आता पाने-पकडी कुठल्या ढिगाखाली गेल्यात ते सापडत नाहीत, म्हणून काम होत नाही. काम होत नाही म्हणून वस्तू जात नाही. आणि नवीन तर रोज येते.

माझं म्हणशील तर मी बरी आहे. झोपायला हल्ली स्वयंपाकघरात असते, तिथं ऊब चांगली. कोण आलं गेलं तर बाहेर कट्ट्यावरच बसतो, वारं लागतं.

फोन करू नकोस. फोन शालूबाईच्या घरात, तिच्या सुना टीव्हीचा आवाज बारीक करून ऐकतात. लिहीतच जा.

तुझी
आई


कोल्हापूर
२० जानेवारी २००३

चि. प्रसेनजीत,

अक्षर वाकडं बघून घाबरू नकोस. उजव्या हाताला प्लास्टर आहे, डाव्यानं लिहितेय. स्टँडवर गर्दीत घसरून पडले. मनगट आहे, जुळून येईल.

नातीचं नाव साक्षी ठेवलंत, छान आहे. बारशाला येता आलं नाही, या हातापायीच. तिला घेऊन तुम्ही यायचं म्हणताय, पण अजून लहान आहे, एवढा प्रवास नको. ऊन वाढू दे, मग बघू. रंगाचं काम अजून व्हायचंय.

बाबा नातीचा फोटो शर्टाच्या खिशात घेऊन फिरतात. तुला सांगू नको म्हणालेत.

आई


कोल्हापूर
१४ एप्रिल २००३

चि. प्रसेनजीत यास सप्रेम जयभीम.

जयंतीची मिरवणूक आत्ता गल्लीतनं गेली. बाबा पांढरा सदरा घालून तिच्याबरोबर गेलेत. घरात मी एकटी आहे. आज निवांतपणे सगळं लिहायचं ठरवलंय.

हात स्टँडवर मोडला नव्हता. घरात मोडला. मधल्या बोळात बाबांनी पंख्यांची आणि कुलरच्या पत्र्यांची चवड लावलीय, माझ्या डोक्याच्या वर जाते. तिच्या शेजारनं आडवं होऊन जावं लागतं. पदर अडकला आणि सगळी चवड अंगावर आली. बाबांनी पत्रे उपसून मला बाहेर काढलं. मला रिक्षात घालताना रडत होते, आणि संध्याकाळपर्यंत ती चवड पुन्हा तशीच रचून ठेवलेली होती. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. तू म्हणशील कसं काय? मीपण तेच म्हणत होते.

राजारामपुरीत प्लास्टर घातलं त्या डॉक्टरांनी विचारलं, कशानं पडला. मी स्टँडचं सांगितलं. ते म्हणाले, स्टँडवर पडल्यावर खांद्यावर पत्र्याचे ओरखडे येत नाहीत. मग त्याच इमारतीत वर एक बाई बसतात, मनाच्या डॉक्टर, मधुवंती नावाच्या, त्यांच्याकडं पाठवलं. मी दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा वर गेले.

मला वाटलं, त्या विचारतील घरात सामान किती. मी उत्तर तयार ठेवलं होतं, की चारचौघांसारखंच आहे. त्यांनी ते विचारलंच नाही. म्हणाल्या, "सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा."

मी म्हटलं, "उठतो. अंथरूण गुंडाळतो."

"अंथरूण कुठं असतं?"

"कट्ट्याखाली. गॅसच्या."

"तिथं पाय पसरता येतात?"

प्रसेन, खरं सांगते, हे मी कधी मनात आणलंच नव्हतं. किती वर्षं मी गुडघे पोटाशी घेऊन झोपते ते मला त्या बाईंनी विचारल्यावर कळलं. मी म्हटलं, "न्हाई."

"मग आंघोळ?"

"न्हाणीत सामान हाय. बालवाडीत लवकर जाऊन उरकतो."

"दोन्ही शेगड्या पेटवता?"

"एकच. दुसरीवर मिक्सरचे डबे ठेवल्यात."

"शेगडीच्या जवळ कागद, कापड काही?"

"रद्दी हाय."

त्या लिहायच्या थांबल्या. "घरात आत येऊन बसलेला शेवटचा पाहुणा कोण?"

मला आठवेना. मग आठवलं. तुझा मोठा मामा आला होता, तू बारावी झालास तेव्हा. मला रडू आलं. त्यांनी पाणी दिलं.

मी म्हटलं, "बाई, साठवण तर सगळ्यांच्यातच असती की. मीपण दुधाच्या पिशव्या ठेवतो."

"त्या वापरता ना? मग ती काटकसर झाली."

"आमच्या शालूबाईचा माळा तर शिगोशीग भरलेला असतोय."

"दिवाळीला खाली उतरवून झाडतात ना? नको ते काढतात? मग तो पसारा, आजार नव्हे. सामान किती यापेक्षा त्या सामानानं माणसाचं काय काय हिसकावून घेतलंय ते बघायचं. आधी कोनाडा जातो, मग एक खोली जाते. तिथवर घर चालतं. नंतर झोपायची जागा जाते, आंघोळीची जाते, माणसं यायची बंद होतात. तुमचं घर इथं आहे. याच्यापुढं आग असते, नाहीतर कुणीतरी ढिगाखाली सापडतं. तुम्ही एकदा सापडलात." असं सरळ बोलल्या. रागानं नव्हे हं. बालवाडीत मी पोरांना सांगते तसं.

मी त्यांना टेम्पोचं सांगितलं. "पोरानं एकदा सगळं काढलंतं."

"मग काय झालं?"

"दुप्पट झालं."

"होतंच. न विचारता हात घातला की भीती बसते, आणि भ्यालेला माणूस अजून घट्ट धरतो."

हे तुला दोष म्हणून लिहीत नाही. तुला घर हवं होतं म्हणून तू काढलंस. मलाही हवं होतं. नाहीतर त्या दिवशी मी तुला अडवलं असतं.

बाबांना सगळं सांगून बघितलं. ताडकन उठले. "मला येड्याच्या डाक्टरकडं नेतीस व्हय? आन् घराचं रडगाणं लोकांच्यात जाऊन गातीस?" दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दारातनं आडवं होऊन आत येताना त्यांचाच शर्ट पत्र्याला अडकून फाटला. मी बघितलं ते त्यांनी बघितलं.

आता तुला कळलं, रंगाचं काम का संपत नाही ते. तू रागावून इकडं येऊ नकोस. संघप्रियाला सांगायचं तर सांग. मला आता लाजायचा कंटाळा आलाय.

तुझी
आई


कागल
२ डिसेंबर २००३

चि. प्रसेनजीत,

अजून कागलचाच पत्ता बघून दचकशील. मी आक्काताई मावशीकडं आहे. येऊन महिना होत आला. फोनवर तुला नुसतं "हवापालटाला आले" म्हणाले, कारण मावशीचा जावई शेजारी उभा होता.

शेगडीजवळच्या रद्दीनं पेट घेतला. दूध उतू गेलं, मी फडक्यानं भांडं उतरवायला गेले आणि फडकं पेटलं, ते फेकलं ते रद्दीवर. बाबा धावत आले. मी पाण्याची कळशी ओतत होते, आणि ते खोकी ओढत होते. मला बाजूला ओढलं नाही, खोकी ओढली. आग विझल्यावर मी नुसती बघत राहिले तर म्हणाले, "आग फुडं जाऊ नये म्हणून वडली." असेलही. कारखान्यात तसंच शिकवत असतील. त्यांच्या मनात तेव्हा काय होतं ते त्यांनाच माहीत, आणि मला वाटतं त्यांनाही ते माहीत नाही. हाताला त्यांच्याच फोड आले होते. मी तेल लावलं.

मग मी पिशवी भरली. म्हटलं, "मी कागलला जातो. तुमचं कायबी टाका म्हणून सांगत न्हाई. मला पाय पसरून झोपाय जागा पायजे. झाली की बोलवा."

"आन् न्हाई झाली तर?"

"तर आक्काकडं जागा हाय."

स्टँडपर्यंत सायकलवरनं पिशवी पोचवली. एस.टी. सुटेपर्यंत खिडकीखाली उभे होते.

मावशी तुझी, तुला माहीत आहे कशी. भर अंगणात ओरडली, "ह्या वयात न्हवरा सोडून आलीस व्हय गं?" मी म्हटलं, "सोडून न्हाई आक्का. झोपाय आलोय." तिला आधी हसू आलं. मग मी कशी झोपत होते ते सांगितल्यावर तिनं तिची स्वतःची खाट मला दिली. पहिल्या रात्री पाय पसरले तर पोटऱ्यांत गोळे आले. सवय मोडली होती पायांची.

तू लिहिलं होतंस, की औरंगाबादला ये, इथंच राहा. तुझं मन समजलं. पण एवढ्या लांब आले तर ते बोलवायचे तरी कसे? कागलला सायकलवरनंसुद्धा येता येतं.

मला त्यांची काळजी वाटते. शालूबाईला निरोप पाठवला होता, त्यांना भाजी दे म्हणून. ती सांगते, डबा दारात घेतात आणि धुऊन परत देतात. आतनं दिवसभर खडखड आवाज येतो म्हणे.

तुझी
आई


कोल्हापूर
१५ मार्च २००४

चि. प्रसेनजीत व चि. सौ. संघप्रिया यांस आशीर्वाद. साक्षीला पापा.

घरी आलेय. चार महिन्यांनी.

बाबा मावशीच्या दारात आले तेव्हा मी ज्वारी निवडत होते. दाढी केलेली, धुतलेला सदरा. सोप्यात बसले, पाणी प्याले, उसाला भाव काय मिळाला ते मावशीला विचारून झालं. मग खाली मान घालून मला म्हणाले, "जागा केलीया."

"केवढी?"

"तुझ्या अंथरुणापुरती. पाय लांब करून बघितलं मी सवता."

मावशी म्हणाली, "एवढ्याला चार म्हैनं लागलं व्हय भाऊसो?"

मला वाटलं, आता उठून जातात. पण उठले नाहीत. म्हणाले, "आक्का, एक खोकं बाहीर ठेवायचं म्हणून हातात घ्यायचो, आन् तसाच बसायचो दिवसभर. छातीत धडधडायचं. तुमी हसशीला. खरं लई अवघड हाय ते." मावशी हसली नाही.

मग त्यांनी तुझा विषय काढला, आपणहून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "प्रसेन म्हणला ते माझ्या डोस्क्यातनं कवा गेलंच न्हाई. पोरगं खोटं बोललं न्हाई. खरं त्येला एक ठावं न्हाई. माझ्या बापाला निवडाय मिळत न्हवतं. गाव टाकंल ते मुकाट्यानं घ्यायचं, नगं म्हणायची सोय न्हवती. मी निवडून आणतो. रस्त्यात धा वस्तू पडल्याल्या असत्यात, त्यातली एक मी घेतो. माझ्या मर्जीनं. मला कोण देत न्हाई."

त्यांच्याबरोबर एवढा संसार केला, पण हे मला कधी सांगितलं नव्हतं. मावशीनं मात्र सुपातला खडा काढून बाहेर टाकावा तसं सहज म्हटलं, "मग नगं म्हणायची बी मर्जी तुमचीच की भाऊसो. बापाला न्हवती, तुमाला हाय. रस्त्यावरच्या वस्तूला एकदा 'नगं' म्हणून बगा. कोण मारतंय?"

मग म्हणाले, "त्या डाक्टरीण बाई बसत्यात अजून?"

गेल्या आठवड्यापासून आम्ही दोघं जातो. पहिल्या दिवशी खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मी येडा न्हाई." डॉक्टर म्हणाल्या, "नाही ना. म्हणून तर तुमच्याशी बोलायचंय." एक गोळी दिलीय. आणि एक काम दिलंय, की रोज एक वस्तू हातात घ्यायची, ठेवायची की द्यायची ते त्यांनी स्वतः ठरवायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. परवा फुटका नळ काढला. काल काहीच नाही. आज सकाळी दोन पत्रे, मग दुपारी त्यातला एक परत आत आणला.

मी स्वयंपाकघरात नाही, बाहेरच्या खोलीत झोपते. अंथरुणाच्या दोन्ही बाजूंना ढीग आहेत, भिंतीसारखे. पण पाय पसरतात.

तुझी
आई


कोल्हापूर
६ जून २००५

चि. प्रसेनजीत यास आईचा सप्रेम जयभीम.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कळलं. साक्षीचा घसा बरा झाला का? उसाचा रस तिला दिलाच नसता, पण आज्जा-नातीपुढं माझं कोण ऐकतं.

तुम्ही दोघं लॉजवर उतरलात म्हणून मला आधी वाईट वाटलं होतं. मग विचार केला, घरात येऊन बसलात, चहा घेतलात, साक्षी बाहेरच्या खोलीतनं दारापर्यंत पळाली. पळण्याएवढी वाट आहे आता. संघप्रिया पदर सावरत त्या बोळातनं गेली आणि एका शब्दानं काही बोलली नाही. पोरगी गुणाची आहे.

तू जे केलंस ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतनं बघत होते. तुला वाटलं असेल, आईचं लक्ष नाही. बाबा कट्ट्यावर एक खोकं घेऊन बसले होते आणि तू जाऊन शेजारी बसलास. आठ वर्षांनी तुम्ही दोघं त्या सामानाच्या समोर. तू खोक्यात हात घातला नाहीस. विचारलंस, "बाबा, मी काढून देऊ?" त्यांनी मान हलवल्यावर मग एक-एक वस्तू काढून त्यांच्या हातात देत होतास. "हे?" "ऱ्हाऊ दे." "हे?" "ऱ्हाऊ दे." "हे?" आणि तो प्लग हातात घेऊन ते इतका वेळ बसले, तरी तू काही बोलला नाहीस. पाठीवर ऊन आलं होतं तुझ्या, तरी उठला नाहीस. शेवटी म्हणाले, "दे तिकडं." दुपारभरात त्या खोक्यातनं किती गेलं? फार नाही. पण तुम्ही गेल्यावर मला म्हणाले, "त्येनं इचारलं." पुन्हा थोड्या वेळानं, "परत्येक येळी इचारलं."

तू त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल त्यांच्याजवळ काही काढलं नाहीस, त्यांनीही नाही. काढायला पाहिजे होतं का? मला माहीत नाही. तुमचं तुम्ही बघा.

आता खरं काय ते पण लिहिते, नाहीतर तुला वाटेल घर सुधारलं. मागची खोली खिडकीपर्यंत भरलेलीच आहे. न्हाणी मोकळी झालीय, बोळ निम्मा. डॉक्टर म्हणतात, वर्षं लागतील, आणि मधे मधे परत फिरेल, तेव्हा हबकून जायचं नाही. फौंड्रीतला एक जुना सोबती मागच्या महिन्यात वारला, तर बाबा मातीवरनं येताना कॅरेजला तीन खोकी बांधून आले. मी काही म्हटलं नाही. ती अजून तशीच आहेत.

पण तुम्ही गेलात त्याच्या चौथ्या दिवशीची गोष्ट सांगायची म्हणून खरं तर हे पत्र लिहायला घेतलं.

मी भाकरी थापत होते. सायकल दारात लागल्याचा आवाज आला, पण ते आत येईनात. मी वाकून बघितलं. उंबऱ्याबाहेर उभे होते, हातात लहान पोरांची तीनचाकी. लाल रंगाची, हँडलला झिरमिळ्या. एक चाक नव्हतं. कुणीतरी राजारामपुरीत कचऱ्याच्या कोंडाळ्याशेजारी ठेवून दिली होती म्हणे.

"साक्षीला व्हईल," म्हणाले.

मला लगेच ती गाडीवर बसलेली दिसली, या बोळातनं त्या दारापर्यंत. खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडावर "आणा की" आलं होतं.

त्यांनी विचारलं, "आत आणू?"

इतक्या वर्षांत घरात किती आलं असेल. एकदाही मला विचारून आलं नव्हतं. माझा हात पिठात तसाच राहिला. डॉक्टरांचं आठवलं, ठरवायचं त्यांनी. मी म्हटलं, "तुमीच बगा."

ते उभे राहिले. तव्यावरची भाकरी करपली तरी मी वळले नाही. त्यांनी बोटानं हँडल इकडं तिकडं फिरवलं, रिकामा आस चाचपला, खाली बसून बघितलं, उठले. मग तीनचाकी कॅरेजला लावून निघून गेले. मला वाटलं, रागावले. नाहीतर मागच्या बाजूनं कुठंतरी ठेवतील.

मी भाकऱ्या उरकल्या. आमटीला फोडणी दिली. तोवर आले. कॅरेज रिकामं होतं. हात-पाय धुतले, ताटावर बसले.

"हुती तितंच ठेवली," म्हणाले. "कुणाच्या तरी पोराला घावंल."

मी वाढलं. त्यांनी एक भाकरी संपवली. मग ताटाकडं बघतच म्हणाले, "एकच चाक न्हवतं गं."

"व्हय," मी म्हटलं, आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

तुझी
आई